वाचकांचे प्रश्न : इंटरनेटवरून बोलण्यासाठी कोणते कनेक्शन घ्यावे?

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त असून नाशिकला राहतो. मुलगी टोरांटोला असते आणि तिच्याशी व्हॉट्सॲपवर बोलणे बहुधा रात्री नऊनंतर होते. त्या वेळी तिचा आवाज आम्हाला नीट येतो, पण आमचा आवाज तिला तुटक ऐकू जातो, कधीकधी तर दोन-दोन सेकंद उशिरा. सध्या केबलवाल्याचे 50 एमबीपीएसचे कनेक्शन आहे. 200 एमबीपीएसचा वार्षिक प्लॅन घेतल्यास अडचण दूर होईल, असे तो म्हणतो. घ्यावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : निदान आत्ता तरी घेऊ नये, आणि वार्षिक तर मुळीच नाही. नुसत्या आवाजाला वेग फारच थोडा लागतो. लँडलाइनच्या दर्जाचा आवाज पाठवणाऱ्या जी.711 या जुन्या पद्धतीत एका दिशेला 64 केबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे 1000 केबीपीएस) लागतात आणि इंटरनेटवरून पाठवताना प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्यावर, पत्ता वगैरे माहिती चढली की तो आकडा सुमारे 87 केबीपीएस होतो. व्हॉट्सॲपसारख्या सेवांचे काम त्याहूनही कमी वेगात भागते. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी 2023 पासून किमान 2 एमबीपीएस वेग असावा लागतो. तो खरोखर अखंड मिळाला, तर तेवढ्यावरही आवाजाचा कॉल उत्तम चालतो. व्हिडिओ कॉल धरला तरी आपले 50 एमबीपीएस पुरून उरणारे आहेत.

बोलण्यात महत्त्व असते ते पॅकेट किती वेळात पोहोचते, प्रत्येक पॅकेट साधारण सारख्याच वेळात पोहोचते की नाही आणि वाटेत किती गळतात, या तीन गोष्टींना. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला 150 मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर संभाषण स्वाभाविक वाटते. 400 च्या पुढे दोघेही एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. नाशिक ते टोरांटो हे सरळ अंतरच बारा हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे 60 मिलिसेकंद तर नुसता भूगोलच खातो. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक जातात. उरलेल्या थोड्या वेळात आपले वायफाय, केबलवाला आणि मुलीच्या घरचे कनेक्शन या सगळ्यांना बसायचे असते.

त्यात आपली वेळ अडचणीची आहे. रात्रीचे नऊ म्हणजे टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा. मुलीला सोयीची हीच वेळ आपल्या गल्लीत घरोघरी मालिका आणि क्रिकेट पाहण्याची असते. केबलवाला मोठ्या कंपनीकडून ठरावीक क्षमता घेऊन ती सर्व ग्राहकांत वाटतो. ती क्षमता रात्री अपुरी पडत असेल, तर 200 च्या प्लॅनने आपल्या घरापासून त्याच्यापर्यंतचा रस्ता रुंद होतो, पुढची गर्दी तशीच राहते.

तरीही दोष त्याचाच आहे असे गृहीत धरू नये, कारण आपल्या पत्रातला महत्त्वाचा धागा निराळाच आहे. तिचा आवाज नीट येतो आणि आपला बिघडतो, याचा अर्थ बहुधा आपली अपलोडची, म्हणजे घरातून बाहेर पाठवण्याची, बाजू तुंबते आहे. अनेक कनेक्शनांवर डाउनलोड 50 आणि अपलोड त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि जाहिरातीत मोठा आकडाच छापलेला असतो. त्यातच रात्री फोन वायफायला जोडलेला असताना दिवसभरातले फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले, की राउटर ती पॅकेटे रांगेत साठवतो आणि आपला आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. दोन सेकंदांचा उशीर साधारणपणे अशाच रांगेमुळे होतो. म्हणून पहिल्या रात्री दोघांच्याही फोनमधील फोटो बॅकअप बंद ठेवून बोलून पाहावे. सुधारणा झाली, तर बॅकअप पहाटे किंवा दुपारी चालवावा. राउटरमध्ये कॉलला प्राधान्य देण्याची सोय असेल, तर तीही सुरू करून घ्यावी.

फरक पडला नाही, तर रात्री नऊ वाजता संगणक वायफायवर ठेवून पिंगची चाचणी करावी, म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहावे. आधी घरच्या राउटरला पिंग करावे; त्याचा पत्ता पुष्कळदा 192.168.1.1 असतो. मग बाहेर 8.8.8.8 या गूगलच्या पत्त्याला करावे. राउटरचेच उत्तर कधी 3 तर कधी 200 मिलिसेकंदांनी येत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. त्यावर राउटर बैठकीच्या खोलीत उघड्यावर ठेवणे आणि फोन 5 गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडणे हा उपाय आहे. राउटर स्थिर आणि बाहेरचेच आकडे उड्या मारत असतील किंवा उत्तरे गळत असतील, तर दोष सेवेचा आहे. सकाळी हीच चाचणी करून दोन्ही वेळचे आकडे केबलवाल्याला दाखवावेत. नुसत्या ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा त्यांचा परिणाम निश्चित अधिक होतो.

कनेक्शन बदलायचेच ठरले, तर थेट घरात फायबर येणारे आणि अपलोड-डाउनलोड सारखे असणारे 30 ते 50 एमबीपीएसचे प्लॅन पाहावेत. ते सहसा महिना चारशे-पाचशे रुपयांपासून मिळतात, त्यावर 18 टक्के जीएसटी धरावा. डेटाच्या मर्यादेची चिंता नको : तासभर बोलण्याला जी.711 च्या हिशेबानेही सुमारे 80 एमबीच लागतात. आपल्याच इमारतीत ती सेवा वापरणाऱ्या कोणाला तरी रात्रीचा अनुभव विचारावा आणि पहिला महिना मासिक दरानेच घ्यावा, मग ‘सहा महिन्यांचे भरा’ ही सवलत कितीही मोहक वाटो.

प्रश्न : तांब्याच्या तारेची आमची लँडलाइन फायबरवर बदलून दिली. आता लाईट गेली की फोनही बंद पडतो. पूर्वी असे होत नव्हते. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पूर्वी फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांकडून त्याच तारेने घरी येत असे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही; त्यामुळे भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला घरचीच वीज लागते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवावा. मात्र अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत, आणि फायबरचा डबा व राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींची सोय करावी, नाही तर एक चालू आणि एक बंद अशी गंमत होते. कोकणात पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते, म्हणून रस्त्यावरच्या यंत्रणेला कंपनीने बॅटरी दिली आहे का, हेही विचारावे. ती नसेल तर घरच्या यूपीएसचा उपयोग नाही. आणीबाणीत 112 लावण्यासाठी चार्ज केलेला मोबाइल जवळ असावाच. व्हॉट्सॲपवरून तो क्रमांक लागत नाही.

प्रश्न : ठाण्यात उंच इमारतीत घर आहे. आत मोबाइलला रेंज नसते. वेगळे ॲप न घेता ब्रॉडबँडवरून नेहमीच्या क्रमांकाने बोलता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : येईल. याला वायफाय कॉलिंग म्हणतात. एअरटेलने ही सोय डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. पलीकडच्या व्यक्तीकडे काहीही नसले तरी चालते आणि देशांतर्गत कॉलला वेगळा आकार पडत नाही. बोलता बोलता लिफ्टकडे निघालात तर मात्र कॉल तुटू शकतो, कारण तिथे वायफाय संपलेले असते आणि मोबाइलची रेंज अजून आलेली नसते.