कच्च्या रस्त्यांवरच्या कॅम्पिंगसाठी ट्रेलर घ्यावा का? घ्यायचा तर काय बघून घ्यावा आणि चालवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं, फोर-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही आहे, छतावरच्या तंबूत आता सगळे मावत नाहीत. आठवडा-दहा दिवसांच्या भटकंतीसाठी घडीच्या तंबूचा ट्रेलर घ्यायचाय, दोन-तीन मॉडेलं बघून झालीत आणि गाडं अडलंय ते कुणाचं स्वयंपाकघर जास्त चांगलं, यावर.

स्वयंपाकघराचं नंतर बघू. पुढच्या वेळी ट्रेलर बघायला जाल तेव्हा एक जुनी चादर न्या, ती जमिनीवर पसरा आणि ट्रेलरखाली शिरा. चेसिसचं वेल्डिंग, अ‍ॅक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), शॉकअब्सॉर्बर, पाण्याच्या टाकीखाली संरक्षक पत्रा आहे का, वायरी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून नेल्यात, हे सगळं तिथूनच दिसतं. शेगडी बदलता येते, कप्पे नवे करून घेता येतात, तंबूसुद्धा दुसरा चढवता येतो. खालचा सांगाडा मात्र जो मिळाला तोच. दुकानात विक्रेता सगळं वरचंच उघडून दाखवतो, कारण ते देखणं असतं.

त्याआधी घ्यावा की नाही, त्याबद्दल. एका जागी दोन-तीन रात्री मुक्काम करून आजूबाजूला फिरत असाल, तर ट्रेलरसारखं सुख नाही. तो सोडून ठेवायचा, तंबू उभा राहू द्यायचा आणि हलक्या गाडीने हवं तिकडे जायचं. रोज मुक्काम हलवणार असाल तर मात्र रोज संध्याकाळी जागा सपाट आहे का बघा, ट्रेलर समतल करा, तंबू उघडा आणि सकाळी हे सगळं उलट्या क्रमाने करा. चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी वैतागतंच. अशा प्रवासाला छतावरचा तंबू आणि मुलांसाठी जमिनीवर एक साधा तंबू पुरतो. शिवाय काही वाटा ट्रेलरच्या नाहीतच. ऑस्ट्रेलियातलं सिम्पसन वाळवंट किंवा सुमारे १,८५० किलोमीटरची कॅनिंग स्टॉक रूट, दोन्हीकडे अनुभवी मंडळी ट्रेलर आणू नका असंच सांगतात. वाळूच्या टेकाडावर चढताना वेग टिकवायचा असतो आणि मागचा ट्रेलर नेमका तोच खातो. मग चढ अर्ध्यावर सुटला की तो मागे घेऊन उतरायची वेगळीच कसरत.

आता वजन. हा भाग नीट वाचा, बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापतात ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. तुम्ही ओढणार भरलेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे १०० लिटरची टाकी भरली की तिथेच १०० किलो वाढले. त्यावर गॅस, बॅटरी, भरलेला फ्रिज, अंथरुणं, स्टेपनी, हत्यारं, शिधा. रिकामा ६०० किलोचा ट्रेलर निघताना ९००-९५० ला टेकणं अगदी सामान्य आहे. म्हणून दोन आकडे मागा: रिकामं वजन आणि भरल्यावर कमाल किती चालतं ते. त्यांच्यातला फरक जेमतेम २०० किलो असेल तर तो ट्रेलर चौघांच्या कामाचा नाही, मग दिसायला कसाही असो.

गाडीच्या पुस्तिकेतही एकच आकडा बघून थांबू नका. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळी मर्यादा असते. हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, वरून किती भार चालतो ते वेगळं दिलेलं असतं, आणि गाडी अधिक ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा तिसरीच. लोकांच्या ध्यानात येत नाही ते हे, की हिचवरचा भार गाडीच्या पाठीवरचा भार म्हणूनच मोजला जातो. समजा गाडीला ५०० किलो वाहायची परवानगी आहे. चार माणसांचे २६०, हिचवर ट्रेलरचे १००, मागचा जाड बंपर आणि हिच मिळून ६०. उरले ८०. त्यात छतावरचा जुना तंबू तसाच ठेवलात तर डिकीत सामान टाकायला जागा असली तरी परवानगी उरत नाही. पुस्तिकेतली ओढण्याची मर्यादा चांगल्या रस्त्यावरचा विचार करून ठरवलेली असते असं मी धरून चालते आणि कच्च्या रस्त्यासाठी तिच्या अर्ध्याच्या वर जात नाही. हा नियम माझा स्वतःचा, पण क्लच, गिअरबॉक्स आणि घरचे सगळे त्यावर खूश आहेत.

एकूण वजनाइतकीच त्याची वाटणी महत्त्वाची. ट्रेलरच्या वजनाचा ठरावीक हिस्सा पुढच्या दांड्यावरून हिचवर यायलाच हवा. अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात, ऑस्ट्रेलियात साधारण १० टक्के, युरोपात त्याहून कमी. मागे जास्त सामान भरलं की हा भार घटतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मागच्या दारावर दोन स्टेपन्या, चार सायकली आणि पाण्याचे कॅन लटकवलेले ट्रेलर फोटोत रुबाबदार दिसतात, पण वजन चाकांपासून जितकं लांब तितका तो झोका सुरू झाल्यावर आवरायला कठीण. जड वस्तू खाली आणि अ‍ॅक्सलच्या जवळ, हलक्या वस्तू टोकांना. पाण्याची टाकीही अ‍ॅक्सलजवळच हवी आणि तिच्या आत आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर अर्धी रिकामी टाकी वळणावर पाणी इकडून तिकडे फेकते.

हिचवरचा भार घरीच मोजता येतो. माणसांचं वजन करायचा काटा सपाट जमिनीवर ठेवा, त्यावर लाकडाचा मजबूत ठोकळा उभा करा आणि कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाचा हिचला अडकणारा भाग, त्यावर टेकवा, ट्रेलर आडवा समतल ठेवून. चाकांना अडणी लावायला विसरू नका, आणि काटा किती किलोपर्यंत झेपतो ते आधी बघा. एकूण वजनासाठी मालट्रक तोलतात तो वजनकाटा उत्तम. पाणी-गॅस सगळं भरून जा.

झोका सुरू झालाच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि गाडीचा ब्रेक कचकचून मारायचा नाही. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल आणि त्याचा हाताने चालणारा खटका पुढे असेल, तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हळूच लावला की तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. वेग वाढवून बाहेर पडायचा सल्ला काहीजण देतात, तो ऐकू नका.

ब्रेकबद्दल: युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तुमच्याकडचा कायदा काहीही म्हणो, कच्च्या उतारांसाठी मी त्याहून हलक्यालाही ब्रेक घेईन. रेटा आला की आपोआप लागणारे ओव्हररन ब्रेक साधे आणि स्वस्त असतात, पण लांब तीव्र उतारावर ट्रेलर सतत रेटत राहतो, म्हणजे ब्रेकही सतत लागलेले राहतात आणि तापतात. इलेक्ट्रिक ब्रेकचा जोर चालकाला आतून कमी-जास्त करता येतो. माती सैल असेल तर कमी करायचा, नाहीतर ट्रेलरची चाकं जाम होऊन घसरतात. उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्हचे हळू, जास्त ताकदीचे गिअर) लावून.

हिच हा दुसरा मोठा विषय. साधा गोल बॉल डांबरी रस्त्यावर छान चालतो. ओढ्याच्या काठावर गाडी डावीकडे कललेली आणि ट्रेलर उजवीकडे, अशी वेळ आली की बॉलवरचं कपलर एका मर्यादेनंतर अडतं आणि सगळा पीळ दांड्यावर येतो. म्हणून ऑफ-रोडसाठी वर-खाली, डावी-उजवी आणि स्वतःभोवती, तिन्ही प्रकारे फिरणारी हिच हवी. सैन्याच्या ट्रेलरवर दिसणारी आकडा-कडीची पिंटल हिच दणकट, पण खडखडते. ऑस्ट्रेलियन डीओ-३५ सारखी खुंटीवर बसणारी हिच शांत असते आणि हव्या तितक्या कोनात फिरते, फक्त जोडताना गाडी अगदी नेमकी मागे आणावी लागते. कुठलीही घ्या, दोन सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे हिच सुटलीच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडतो.

चाकं गाडीचीच असावीत: तोच टायर, तेच नट-बोल्टचे अंतर. मग एकच स्टेपनी दोघांना चालते. दोन चाकांमधलं अंतरही गाडीइतकंच असेल तर वाळूत आणि चिखलात ट्रेलर गाडीने दाबलेल्या चाकोरीतून येतो. अरुंद किंवा रुंद असेल तर तो स्वतःची नवी चाकोरी पाडतो आणि इंजिनाला दुप्पट राबवतो. ही अक्कल जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात बॅन्टम कंपनीने जीपसाठी पाव टनाचा छोटा ट्रेलर बनवला, त्याला जीपचीच चाकं होती.

सस्पेन्शनमध्ये एक टनाच्या आतल्या ट्रेलरला माझी पसंती पाट्यांना, सोबत शॉकअब्सॉर्बर हवेतच. पाटा तुटला तर कुठलाही लोहार-गॅरेजवाला काहीतरी करून देतो आणि एक जादा पाटा बरोबर नेता येतो. दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं कॉइल स्प्रिंगचं सस्पेन्शन खडबडीत रस्त्यावर सामान जास्त सांभाळतं, पण महाग पडतं आणि चाकांचं अलाइनमेंट बघावं लागतं. स्वस्त ट्रेलरमध्ये शॉकअब्सॉर्बरच गाळलेले असतात. चादर टाकून खाली शिरा म्हणाले ते यासाठीही.

खरी परीक्षा मोठ्या दगडांवर होत नाही, तिथे आपण हळूच जातो. पन्हळी पत्र्यासारखा झालेला लांबच लांब कच्चा रस्ता ट्रेलर खिळखिळा करतो. ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड साधारण ६६० किलोमीटर आहे आणि त्याचा मोठा भाग असाच. स्क्रू सैल होतात, कप्प्यांचे खटके आपोआप उघडतात, डब्यातलं तेल डब्याबाहेर येतं. टायरमधली हवा कमी करा, आणि गाडीबरोबर ट्रेलरचीही करा. अर्धे लोक ट्रेलरची विसरतात. मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरता येतं, पण मग वेगही तितकाच कमी ठेवायचा आणि पक्क्या रस्त्यावर आलं की लगेच हवा भरायची. त्यासाठी कॉम्प्रेसर जवळ हवाच.

प्रत्येक थांब्यावर चाकांच्या हबजवळ, म्हणजे बेअरिंग बसतं त्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला वाटला तर बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक घासतोय. बेअरिंगचा एक जादा जोड, ऑइल सील आणि ग्रीस बरोबर हवंच. पाण्यातून जायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं थांबून हब थंड होऊ द्या. तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधाळ दिसायला लागलं की समजायचं, पाणी आत गेलंय.

एक विचित्र गोष्ट कुणी आधी सांगत नाही: गाडीच्या मागच्या टायरने उडवलेला खडा ट्रेलरच्या पुढच्या पत्र्यावर आपटून उलटा येतो आणि गाडीची मागची काच फोडतो. दांड्यावर तिरकी जाळी ताणली किंवा ट्रेलरच्या पुढच्या भागाला जाड मऊ आवरण लावलं की बहुतेक खडे तिथेच मरतात.

विजेचं थोडक्यात. गाडीतून मागे जाणारी वायर लांब आणि बारीक असली की व्होल्टेज पडतं आणि ट्रेलरची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. वायर जाड घ्या, आणि डीसी-डीसी चार्जर (पडलेलं व्होल्टेज परत वाढवून बॅटरी नीट भरणारं यंत्र) ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या शेजारी बसवा.

रिव्हर्सची भीती सगळ्यांना असते. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपटी डावीकडे जाते, उजवीकडे नेला की उजवीकडे. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड, कारण तो पटकन वळतो आणि आरशात दिसेपर्यंत घडी पडायला आलेली असते. दोन्ही मागच्या कोपऱ्यांवर लवचिक काठ्या लावा. मोकळ्या मैदानात एक सकाळ घालवा, आणि बाहेरून हातवारे करणारा माणूस एकच ठेवा. दोघे झाले की भांडण ठरलेलं. वाट संपली आणि वळायला जागाच नसेल तर ट्रेलर सोडून हातांनी फिरवावा लागतो, त्यासाठी पुढचं छोटं चाक रुंद आणि हवेचं असू द्या. कडक बारीक चाक मातीत रुतून बसतं. आणि सोडण्याआधी अडणी. सपाट वाटणारी जमीन सपाट नसते.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी त्याच प्रकारचा ट्रेलर तीन-चार दिवस भाड्याने घ्या, पावसाची शक्यता असताना. घडीचा तंबू पावसात, अंधारात, मुलं भुकेली असताना उघडून बघा, आणि सकाळी तो ओलाच मिटून ठेवावा लागला तर आतल्या गाद्या कोरड्या राहतात का तेही. त्यानंतर तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतले आकडे आणि आवडलेल्या मॉडेलांची रिकामी-भरलेली वजनं इथे लिहा, मग कुठलं झेपेल ते नक्की सांगता येईल.