स्पॉटिंग स्कोप : तिप्पट किंमत नेमकी कशाची?

प्रश्न : मी रीतसर परवाना घेऊन डोंगराळ भागात हरणांची शिकार करतो. लांबच्या उतारावरचा नर पूर्ण वाढीचा आहे की नाही, हे शिंगांवरून ओळखण्यासाठी मला स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) घ्यायचा आहे. २० ते ६० पट विवर्धनाचे दोन स्कोप मी पाहिले. एकाचे पुढचे भिंग ६५ मिलिमीटरचे, तर दुसऱ्याचे ८० मिलिमीटरचे असून दुसऱ्याची किंमत तिप्पट आहे. दुकानात मात्र दोन्हींतून सारखेच स्वच्छ दिसले. मग जादा पैसे का मोजावेत?

उत्तर : दुकानातल्या लख्ख उजेडात, २० पटींवर आणि चित्राच्या मध्यभागी बरा म्हणावा असा कोणताही स्कोप छानच दिसतो. खरा फरक तिन्हीसांजेला आणि विवर्धन वाढवल्यावर उघडा पडतो, आणि जनावरे तर नेमकी त्याच वेळी बाहेर पडतात.

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत : भिंगाचा आकार आणि काचेची प्रत. आकाराचा हिशेब सोपा आहे. ८० मिलिमीटरचे भिंग ६५ च्या तुलनेत सुमारे दीडपट प्रकाश गोळा करते. भिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या झोताची जाडी कळते. ८० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये ती २० पटींवर ४ मिलिमीटर असते, पण ६० पटींवर जेमतेम १.३ उरते. अंधारू लागल्यावर डोळ्याची बाहुली ५ मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक उघडते आणि इतक्या बारीक झोतात चित्र काळवंडते, त्यामुळे त्या वेळी ६० हा आकडा दोन्ही स्कोपांवर केवळ शोभेचा ठरतो. तपशील वेगळा दाखवण्याची सैद्धांतिक मर्यादा पाहिली, तर एक किलोमीटरवर ८० चे भिंग सुमारे ७ मिलिमीटर आणि ६५ चे सुमारे ९ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकते. शिंगांचे फाटे मोजायला दोन्ही पुरेसे आहेत! तरीही ते मोजता येत नसतील, तर दोष आकाराचा नसून काचेचा, हवेचा किंवा हलणाऱ्या ट्रायपॉडचा असतो.

काचेची प्रत मुख्यतः रंगदोषावरून ओळखावी. तांबडा आणि निळा प्रकाश एकाच जागी एकवटला नाही, की उजळ आकाशासमोरच्या काळ्या शिंगाला जांभळी किंवा हिरवट कड येते आणि बारीक टोके त्या कडेत विरून जातात. ईडी काच (रंग कमी फाकवणारी खास काच) किंवा फ्लोराइट हे खनिज वापरून हा दोष कमी करतात. कोवा या कंपनीच्या ८८ मिलिमीटरच्या वरच्या श्रेणीतील स्कोपात फ्लोराइटचा स्फटिक असतो आणि किंमत वाढण्याचे ते एक कारण आहे. मात्र नुसते ‘ईडी’ किंवा ‘एचडी’ छापलेले पाहून भुलू नये. भिंगे किती अचूक घासली आणि जुळवली आहेत, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. लेपनाचेही महत्त्व आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, त्यामुळे असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो.

शक्य असल्यास दोन्ही स्कोप संध्याकाळी एकाच ट्रायपॉडवर आलटून पालटून लावावेत आणि आकाशासमोरची निष्पर्ण फांदी पाहत विवर्धन हळूहळू वाढवावे. चित्र मोठे होत आहे पण नवे काही दिसत नाही, अशी पटी आली, की त्या स्कोपची उपयोगी मर्यादा तीच समजावी. चांगल्या स्कोपमध्ये फोकस एका जागी चटकन बसतो. सुमार स्कोपमध्ये चाक पुढे-मागे फिरवतच राहावे लागते. ही पारखणी भर दुपारी करू नये, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की महागातली महाग काचही हतबल होते.

माझे मत विचाराल, तर ओझे पाठीवर घेऊन दिवसभर चढणाऱ्याने सुमार काचेच्या ८० पेक्षा उत्तम काचेचा ६५ चा स्कोप घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून भक्कम ट्रायपॉड आणावा. आपण पाहिलेला महागडा स्कोप एका जागी बसून पहाटे व सांजेला टेहळणी करणाऱ्यालाच परवडेल. चष्मा वापरत असाल, तर डोळा नेत्रिकेपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते ना, हे पैसे देण्यापूर्वी चष्मा लावूनच पाहावे.