एकच देश, एकच दिवस आणि तापमानात एवढी तफावत?

प्रश्न असा आहे की देशाच्या एका टोकाला बर्फ आणि त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला पंखे चालू, हे खरंच घडतं की बातम्या फुगवून सांगतात? घडतं. पण ‘देश मोठा आहे म्हणून’ हे सरसकट दिलं जाणारं उत्तर मला अपुरं वाटतं. देशाची लांबी हे त्यातलं सगळ्यात सोपं कारण.

ते आधी उरकतो. चीनमधलं मोहे रशियाच्या सीमेलगत आहे, सान्या पार दक्षिणेला हैनान बेटावर. जानेवारीत सान्यात दुपारी २५-२६ अंश सेल्सिअस हे नेहमीचंच. मोहेत २२ जानेवारी २०२३ ला उणे ५३ नोंदलं गेलं. वजाबाकी पंचाहत्तरच्या वर जाते आणि मथळा तयार होतो. पण उणे ५३ हे सकाळी सातचं आणि २५ हे भर दुपारचं. एकाचं किमान आणि दुसऱ्याचं कमाल घेतलं की फरक वाढणारच. म्हणून अशी बातमी वाचताना आधी वेळ बघा. एकाच घटकेच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरी फरक मोठाच निघतो, फक्त तो खरा असतो.

मला जास्त नवल वाटतं ते जवळच्या ठिकाणांचं. कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत ४,४२१ मीटर उंचीचा माउंट व्हिटनी. दर किलोमीटर चढाला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे केवळ उंचीपायी २९ अंशांचा फरक. त्याच राज्यात उन्हाळ्यात किनाऱ्यालगत खोलातलं थंड पाणी वर येतं, धुकं दाटतं आणि सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी जेमतेम १८ अंश असतात. गाडीने दोन तास आत गेलात की चाळीस!

उंचीचा नियम रात्री उलटतोही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि दरीत साचते. हिवाळ्यात पहाटे डोंगरावरून मोटरसायकलने उतरताना मी हे कितीदा अनुभवलंय: वर हवा बरी असते आणि तळाशी, ओढ्याच्या पुलापाशी, एकदम गार पाण्यात शिरल्यासारखं होतं, बोटं बधिर होतात. पूल ओलांडून थोडं चढलं की पुन्हा ऊब.

याचंच महाकाय रूप अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात २२ जानेवारी १९४३ ला दिसलं. स्पिअरफिश गावात सकाळी साडेसातला उणे २० अंश होते. दोन मिनिटांत ते अधिक ७ झाले. नऊपर्यंत १२, आणि मग २७ मिनिटांत पुन्हा उणे २०. काचा तडकल्या. कारण होतं डोंगर ओलांडून उतरणारा चिनूक वारा. हवा खाली येताना दाबली जाते आणि कोरडी असेल तर किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी तापते. खाली गोठलेल्या हवेचा थर साचलेला होता. या दोन थरांची सीमा पाण्याच्या लाटेसारखी हलत होती. ती ज्या गावावरून जाई तिथला ऋतूच बदलून जाई. जवळच्या लीड गावी ११ अंश होते तेव्हा चार-पाच किलोमीटरवरच्या डेडवुडमध्ये उणे २७!

म्हणून माझं म्हणणं असं की फरक अंतरावर कमी आणि दोन हवांची सीमा कुठून जाते त्यावर जास्त ठरतो. ही सीमा पसरट असली की तापमान हजार किलोमीटरमध्ये हळूहळू बदलतं, धारदार असली की एका घाटात. नकाशावर दोन गावांमधलं अंतर मोजण्याआधी त्यांची उंची, समुद्र किती दूर आहे आणि वारा कुठून येतोय ते बघा.

आणि सीमा सपाट प्रदेशावरून धावत असेल तर दुसरं गाव लागतही नाही. ११ नोव्हेंबर १९११ ला उत्तरेची थंड हवा अमेरिकेच्या मध्य भागात घुसली. मागची गावं गोठत असताना पुढची अजून उन्हात होती. ओक्लाहोमा सिटीत त्या दिवशी कमाल २८ अंश आणि मध्यरात्रीच्या आत उणे ८. त्या तारखेचे उच्चांक आणि नीचांक, दोन्ही त्या एकाच दिवसाच्या नावावर आहेत.