एकाच पावसाखाली वेगवेगळी वने

प्रश्न : उष्ण कटिबंधातील शुष्क वनांविषयी वाचताना ‘पाऊस कमी, म्हणून पानगळ’ एवढेच स्पष्टीकरण वारंवार आढळते. पण सारखाच पाऊस पडणाऱ्या दोन लगतच्या भागांत झाडांच्या जाती अगदी वेगळ्या असतात. हे हवामानामुळे होते की मातीमुळे?

उत्तर : दोन्हींमुळे होते. मात्र दोन्हींचा वाटा एकाच प्रकारचा नसतो, आणि ‘पाऊस कमी’ हे स्पष्टीकरण मलाही अपुरे वाटते. रूढ व्याख्येनुसार शुष्क वनांच्या प्रदेशात वर्षाला २५० ते २००० मिलिमीटर पाऊस पडतो, सरासरी तापमान १७ अंश सेल्सिअसहून अधिक असते आणि उन्हाने व वाऱ्याने जितके पाणी उडून जाऊ शकते तितके पावसातून मिळत नाही. पावसाच्या या दोन टोकांत आठपटींचे अंतर आहे. त्यामुळे वार्षिक आकड्यापेक्षा सलग कोरडे महिने किती, हे झाडाच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरते. बाराशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडून गेला, तर उरलेले आठ महिने झाडाला मातीतल्या साठ्यावरच काढावे लागतात. पावसाळा कधी संपतो हे हवामान ठरवते. झाडाच्या मुळांशी कोरडा ऋतू कधी सुरू होतो, हे मात्र माती ठरवते.

डोंगराळ भागात याचा पडताळा सहज मिळतो. मध्य भारतातील शुष्क वनांत माथ्यावरच्या उथळ, खडकाळ जमिनीत सालई आणि कांडोळ तग धरतात. त्यांचे लाकूड मऊ असते व खोडात पाणी साठते, त्यामुळे पाने लवकर गाळूनही ती जगतात. उतारावरच्या बऱ्यापैकी खोल मातीत धावडा आणि साग येतात. ओढ्याकाठी, जिथे मुळे भूजलापर्यंत पोहोचतात, तिथे जांभूळ आणि करंज कडक उन्हाळ्यातही हिरवे दिसतात. पाऊस या सगळ्यांवर सारखाच पडलेला असतो. अंजन या क्रमात बसत नाही: त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल उतरते, त्यामुळे वरून अत्यंत निकृष्ट दिसणाऱ्या जमिनीतही त्याची जवळपास एकजातीय वने उभी राहतात.

पाण्याबरोबरच मातीतील क्षारांचाही विचार करावा लागतो. साग चांगला निचरा असलेली, चुन्याचा अंश भरपूर असलेली जमीन पसंत करतो. बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत तो जोमाने वाढतो. साल हा वृक्ष मात्र आम्लधर्मी, ओल टिकवणाऱ्या खोल मातीत रमतो. या दोन वृक्षांची राज्ये मध्य भारतात एकमेकांना भिडतात, आणि तिथली सीमा केवळ पर्जन्यमानाच्या नकाशावरून समजत नाही. ब्राझीलमधील उदाहरण तर याहून ठळक आहे. तिथे एकाच ऋतुमानात आम्लधर्मी, ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त असलेल्या निकृष्ट मातीवर ‘सेराडो’ नावाचा गवताळ, वणवे सोसणारा वृक्षप्रदेश पसरतो, तर लगतच्या चुनखडीच्या सुपीक जमिनीवर दाट पानझडी वन उभे असते.

प्रश्न : चिकण काळी माती पाणी सर्वांत जास्त धरून ठेवते. मग तिच्यावर घनदाट वन न येता अनेकदा गवत आणि विरळ झाडेच का दिसतात?

उत्तर : मातीने धरलेले पाणी आणि झाडाला मिळणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाणी इतके घट्ट धरतात की, माती हाताला ओलसर लागत असतानाही मुळांना ते ओढून घेता येत नाही. शिवाय हलक्या सरींचे पाणी वरच्या थरातच अडकते आणि उन्हाने उडून जाते. वाळूमिश्रित जमिनीत तेच पाणी खोल उतरून सुरक्षित राहते. म्हणूनच अतिशुष्क भागांत भरड माती झाडांना अनुकूल ठरते आणि पाऊस वाढत गेला की हे गणित उलटते. याखेरीज काळी माती पावसाळ्यात फुगून मुळांना हवेची टंचाई करते, तर उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात व कोवळी मुळे तुटतात. दरवर्षी उथळ मुळांवर नव्याने वाढणाऱ्या गवताला हे परवडते. रोपट्यांना ते जड जाते. बाभूळ आणि ऐन यांसारखे मोजके वृक्ष अशी जमीन सोसतात.

प्रश्न : पावसाळ्याआधीच काही झाडांना नवी पालवी का फुटते?

उत्तर : अशा झाडांकडे खोडातील किंवा खोल मुळांनी आणलेल्या पाण्याची शिल्लक असते. जुनी पाने गळल्यावर पाण्याचा खर्च थांबतो, खोड पुन्हा पाण्याने भरते आणि कळ्या उमलू शकतात. याचा लाभ मातीतील एका घडामोडीमुळे आणखी वाढतो. कोरड्या महिन्यांत जमिनीवर पालापाचोळा साचतो आणि सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर मरतात. पहिल्या पावसाने माती भिजताच उरलेले सूक्ष्मजीव झपाट्याने कामाला लागतात आणि थोड्याच दिवसांत नायट्रोजन व इतर पोषकद्रव्ये एकदम मोकळी होतात. पुढच्या जोरदार सरी ती धुऊन नेण्यापूर्वी शोषून घ्यायची असतील, तर पाने तयार आणि मुळे जागी असलेली बरी.