वाय-फाय असलेल्या एसी व वॉशिंग मशीनसाठी जास्त पैसे मोजावेत का?

नव्या घरासाठी वॉशिंग मशीन आणि एसी घेताना वाय-फाय असलेल्या मॉडेलला जास्त पैसे द्यावेत का, असे आपण विचारले आहे. वॉशिंग मशीनसाठी मुळीच देऊ नयेत. कपडे आत टाकायला आणि धुऊन झाल्यावर वाळत घालायला मशीनपाशी जावेच लागते. एसीचा मात्र थोडा विचार करायला हवा.

अशा बहुतेक उपकरणांत मोबाइलवरून दिलेली आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून घरातल्या यंत्राकडे येते. म्हणजे यंत्र आपल्या भिंतीवर असले, तरी त्याची अर्धी दोरी कंपनीच्या हातात राहते, आणि हा सर्व्हर किती वर्षे चालू राहील हे वॉरंटी कार्डावर लिहिलेले नसते. अमेरिकेत अल्फाबेट समूहातील नेस्टने रिव्हॉल्व ही कंपनी विकत घेऊन मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली, तेव्हा घरातील दिवे व इतर उपकरणे चालवणारी, सुमारे ३०० डॉलरला विकलेली तिची यंत्रे निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये घरातील दिवे व स्विच अॅपवरून चालवू देणाऱ्या इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना न कळवताच बंद पडले. तेथे अॅप थंडावले, पण भिंतीवरची बटणे काम करत राहिली. माझ्या मते खरेदीची खरी कसोटी या फरकातच आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही किरकोळ नाही. २०१६ मधील मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातूनच आलेले, कोणी न बदललेले पासवर्ड वापरून कॅमेरे व डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रे) ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट एकच पासवर्ड देण्यास बंदी आहे, शिवाय सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. आपल्या विक्रेत्यालाही ती मुदत विचारून पाहा. तो बहुधा एक्स्चेंज ऑफर सांगू लागेल.

एसी घेताना टायमर, तापमान, झोपेचा मोड हे सर्व साध्या रिमोटवरून चालते का, हे दुकानातच तपासावे. एखादी आवश्यक सोय केवळ अॅपमध्ये असेल, तर ते मॉडेल सोडावे. त्याच किमतीत वाय-फाय आपोआप येत असेल, तर एसी खुशाल घ्यावा आणि त्याला घरच्या राउटरचा पासवर्ड देऊ नये.