इंग्रजी 'जंप'चे सगळे अर्थ पाठ कसे करायचे?

पाठ करूच नका. तुम्हाला 'जंप'चे दहा-पंधरा अर्थ सापडले आणि आता यादी हवी आहे. यादी घोकून कुणाला इंग्रजी आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी शाळेत. पुढे बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला लागलो. एकदा गिऱ्हाइकाची मेल आली, 'प्लीज डोन्ट जंप द गन ऑन डिस्पॅच.' आमचे साहेब कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. घाईत वाचून म्हणाले, माल अर्जंट हवाय, टेम्पो भरा. मी म्हटलं, नाही साहेब, तो थांबा म्हणतोय. शाळेत मी शंभर मीटर पळायचो. तालुक्याच्या स्पर्धेत बार उडायच्या आधी जो सुटायचा, त्याला सर मागे बोलवायचे. ही 'गन' म्हणजे तोच बार. फोन लावला तर खरंच, त्यांचा माणूस आधी माल तपासायला येणार होता. अर्धा भरलेला टेम्पो रिकामा केला. "मराठी शाळेत घातलंस, पोरगं हमाली करणार बघ," असं आईला ऐकवणारे मामा त्या दिवशी तिथं असायला हवे होते.

आपण 'उडणे' कधी पाठ केलं? पाखरू उडतं, कपड्याचा रंग उडतो, झोप उडते, लग्नघरात तारांबळ उडते. आपल्याकडं तर कन्नड 'हारु'ही कानावर असतो, त्यात उडी मारणं आणि उडणं दोन्ही येतं. एवढं सहज पेलणारी पोरं एका 'जंप'ला का घाबरावीत? एका झटक्यात इथून तिथं जाणं, एवढं धरून वाक्य वाचा. भाव जंप झाले म्हणजे उसळले. आवाजानं माणूस जंप करतो म्हणजे दचकतो. क्यू जंप केला म्हणजे रांगेत मध्येच घुसला. बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून जंप-स्टार्ट करतात, हे तर कुठल्याही गॅरेजात दिसेल.

'जंप अ‍ॅट' म्हणजे आलेली संधी लगेच घेणं, 'जंप ऑन' म्हणजे कुणावर तुटून पडणं. हे पुढचे बारके शब्द मात्र पाठच करावे लागतात, तेवढं मान्य. 'जंप बेल'ही अंदाजानं कळणार नाही. जामिनावर सुटून कोर्टाच्या तारखेला हजर न राहणं, असा त्याचा अर्थ.

आणि पोराला कुठल्या शाळेत घालू, असं पुढं विचारणार असाल तर बेलाशक मराठी. घरी रोज थोडं इंग्रजी वाचून घ्या, मामा काहीही म्हणोत.