बारावीनंतर मुलाने नर्सिंगला जावे का? लहान मुलांच्या वॉर्डात पुरुषाला ते काम जमते का?

जावं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं, बीएससी नर्सिंग चार, बाकी माहिती कुठल्याही कॉलेजात मिळेल. मी लिहितोय ते "जमते का" या दोन शब्दांमुळे. परतवाड्याला भरल्या घरात मामांनी हेच विचारलं होतं. "पोट्टं नर्स होतो म्हन्ते. लोकाच्या लेकराचे लंगोट बदलवीन काय आता?"

बदलवतो.

माझी पहिली नेमणूक मेळघाटातली. पावसाळ्यात एका रात्री सात महिन्यांचं लेकरू आलं, वजन साडेचार किलो. पोटावर गरम विळ्याचे ताजे चटके, पोट फुगलं की भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेऊन देतात तसे. मी घाईघाईनं सलाईनच्या तयारीला लागलो, तर इन्चार्ज सिस्टरनं मनगट धरलं. "आधी मोज."

लेकरू मायच्या मांडीवर, झबलं वर, रडणं थांबेपर्यंत थांबायचं आणि मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारे मी पाहिलेत, चूक आहे ते. एवढी लेकरं एका लयीत श्वास घेतच नाहीत. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा वर गेले की न्यूमोनिया धरून चालायचं. इथं ६८ भरले, आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. सिस्टरनं डॉक्टरांना फोन लावला, ते खोलीवरून येईस्तोवर ऑक्सिजन सुरू होता.

मग शीर. पिवळी, २४ नंबरची कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी. मी दोनदा चुकलो. सिस्टरनं कोमट फडक्यानं हात शेकला, तळव्याखालून टॉर्च धरली, लाल उजेडात काळी रेघ दिसली आणि एका दमात सुई आत.

चटक्यांवरून मी आजीला झापणार होतो. सिस्टर म्हणाल्या, "ओरडशील, तर पुढचं लेकरू ती इथं आणणारच नाही." त्या मोडक्यातोडक्या कोरकूत तिच्याशी बोलत बसल्या, बोलता बोलता जखमांना मलम लावलं. सहाव्या दिवशी लेकरू अंगावर दूध ओढायला लागलं. तेव्हापासून मी त्या सिस्टरचीच नक्कल करतोय.

मामा अजून लग्नात "आमचा कंपाउंडर" म्हणून ओळख करून देतात. कलमं करताना जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधण्यात उभा जन्म गेला त्यांचा, नाजूक हाताचं काम त्यांना तरी कळायला पाहिजे होतं.

हो, अडचणी आहेत. खाजगीत पगार कमी. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा बायांसाठी ठेवल्या, म्हणजे आपल्याला २०. काही लेकुरवाळ्या बाया पाजताना लाजतात, तेव्हा पडदा ओढून सिस्टरला हाक मारायची, त्यात कमीपणा नाही. रात्रपाळी कंबर मोडते.

घरात कोणी मामा आडवा येत असेल तर त्याला झोपलेल्या लेकराचे श्वास मिनिटभर मोजायला लावा. मी दिवाळीत आमच्यांना लावले. विसापर्यंत गेले आणि म्हणाले, "हाललं ना बे पोट्टं, आता पुन्हा पह्यल्यापासून."